काहीही करू नये

बॅगा दाराशी उभ्या होत्या आणि बायको बॅगांशी उभी होती.

"संध्याकाळची बस आहे," ती म्हणाली. "वेळेवर निघायचं. साहेबांचा लॅपटॉप जळो, बुडो नाहीतर उडून जावो, तुम्ही परत फिरायचं नाही."

"अगं, या वेळेस तसं होणारच नाही," रीस्टार्टभाऊ बूट घालता घालता म्हणाले. "आता एआय बसवलाय ना! आजपासून ऑफिस माझ्यावाचून चालणार."

"मागच्या वेळी काय म्हणाला होतात?"

भाऊंनी बुटाच्या नाडीत फारच लक्ष घातलं. मागच्या वेळी दोघं बसमध्ये जाऊन बसलेसुद्धा होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मोठ्या साहेबांचा फोन आला: लॅपटॉप पुन्हा बंद पडलाय, तुमच्याशिवाय कुणाच्या हाताला गुण नाही, ताबडतोब या. भाऊ उतरले, बॅगा उतरल्या, सगळ्यात शेवटी बायको उतरली. त्यानंतर बरेच दिवस ती घरात फक्त कुंड्यांतल्या झाडांशी बोलत होती. त्याच्या आधीच्या सुटीचीही हीच गत, आणि त्याच्या आधीच्या सुटीचं तर नावच काढायला नको.

"या वेळी उतरायला लागलं ना," बायको शांतपणे म्हणाली, "तर तुम्ही एकटेच उतरा. मी समुद्र बघून येते."

आवाज चढवून बोलली असती तर भाऊंना काही वाटलं नसतं. शांतपणे बोलली म्हणून त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तर हे रीस्टार्टभाऊ. एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचा विभाग सांभाळायचे. कुणाचंही काहीही बिघडलं तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच, "रीस्टार्ट करून पाहिलंत का?" त्यावरून हे नाव पडलं, आणि इतकं चिकटलं की पगाराच्या पावतीवरचं खरं नाव वाचून आता भाऊच क्षणभर थांबायचे.

भाऊ शिस्तीचे मोठे. खोलीच्या दारावर पाटी होती: 'तिकिटाशिवाय हात लावला जाणार नाही.' तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. आधी तिकीट उघडायचं, मग काम करायचं, मग काय केलं ते 'उपाय' नावाच्या रकान्यात लिहून तिकीट बंद करायचं. बंद झालेलं तिकीट पुन्हा बदलता येणार नाही, हाही नियम भाऊंनीच केलेला. आणि 'उपाय' रिकामा ठेवता यायचा नाही, त्यात निदान चार ओळी लागायच्याच.

आता इतकी वर्षं रोज चार चार ओळी लिहायच्या म्हणजे माणूस काय काय लिहिणार? सुरुवातीला भाऊंनी तांत्रिक लिहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा रकाना कुणी म्हणजे कुणी वाचत नाही. झालं! त्या दिवसापासून भाऊ तिथं सरळ खरं काय घडलं ते लिहायला लागले. मन मोकळं व्हायचं, आणि चार ओळीही व्हायच्या.

ऑफिसात पोचले तर सहकारी अपडेटताई खुर्चीत बसायलाच तयार नव्हत्या, इतक्या खुशीत. या ताईंचं जगात एका गोष्टीवर प्रेम, ती म्हणजे नवीन आवृत्ती. एआय त्यांनीच आणला होता. त्याचं काम असं की त्यानं सगळी जुनी तिकिटं वाचायची, आणि कुठल्या बिघाडावर काय करायचं याची नीट पानं तयार करायची. वर नवीन तिकिटं बंद होतील तशी ती पानं स्वतःच सुधारत राहायची. त्याचं नाव ठेवलं होतं 'मदतनीस'. दुपारी मोठे साहेब त्याचं उद्घाटन करणार, आणि ते नीट पार पडलं की भाऊंची सुटी मंजूर, असं ठरलं होतं.

"भाऊ, सगळी पानं तयार!" ताई म्हणाल्या. "तुमचं एकेक तिकीट वाचलंय त्यानं. एकही सोडलं नाही."

"एकही नाही?" भाऊंचा आवाज जरा बारीक झाला.

"एकही नाही! 'उपाय' तर अक्षरन्‌अक्षर."

भाऊंनी बॅग तशीच खांद्यावर ठेवून पहिलं पान उघडलं. पासवर्ड विसरल्यास काय करावे. छान होतं, कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. भाऊंना धीर आला. त्यांनी दुसरं उघडलं.

'प्रिंटर अडकल्यास: प्रिंटरला हलकी थाप द्यावी. उपयोग न झाल्यास जोरात द्यावी. त्यापूर्वी आजूबाजूस कोणी नाही याची खात्री करून घ्यावी.'

"हे... हे मी लिहिलंय?"

"तुम्हीच की! त्यानं फक्त भाषा सुधारली," ताई म्हणाल्या. "पुढं बघा, अकाउंट्सचं तर फार सुंदर झालंय."

'अकाउंट्स विभागातील संगणक मंद झाल्यास: काकूंना पाणी द्यावे. सुनेची चौकशी करावी. त्या बोलत असताना संगणक रीस्टार्ट करावा. मध्येच अडवू नये. बोलणे संपण्यापूर्वी संगणक सुरू झालेला असतो.'

भाऊंनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. त्यांना एकदम आठवलं की आपण साहेबांच्या लॅपटॉपबद्दलही लिहायचो. घाईघाईनं ते त्या पानाच्या शोधात लागले. शोधावं लागलंच नाही म्हणा, कारण मदतनीसनं ते सगळ्यात वर लावलं होतं.

'मोठ्या साहेबांचा लॅपटॉप बंद पडल्यास: काहीही करू नये. लॅपटॉप ताब्यात घेऊन टेबलावर ठेवावा. चहा घ्यावा. घाईने परत देऊ नये, संशय येतो. परत देताना आतून साफ केला असे सांगावे. हा उपाय आजवर एकदाही फसलेला नाही.'

"अहो ताई, हे काय?"

"यशाचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ना, म्हणून वर आलं," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांनीही पहिल्यांदाच ते पान नीट वाचलं. "अगं बाई!"

खरी गोष्ट सांगायची तर भाऊंच्या मनात याची फार दिवस बोच होती. साहेबांच्या लॅपटॉपमधला बिघाड त्यांना कधी सापडलाच नव्हता. दर वेळी ते उघडून बघायचे, सगळं ठणठणीत. मग लॅपटॉप तासभर टेबलावर ठेवायचे आणि देवाचं नाव घेऊन परत द्यायचे. साहेब म्हणायचे, "वा! आता कसा मस्त चालतोय!" भाऊ हसून मान हलवायचे आणि जिन्यात येऊन घाम पुसायचे. एवढा अनुभवी माणूस आणि एक लॅपटॉप कळत नाही, हे कुणाला सांगणार? सांगितलं होतं ते फक्त त्या रकान्याला.

"काढून टाका ते पान," भाऊ म्हणाले. "साहेबांनी वाचलं तर सुटी राहिली बाजूला, नोकरीच जायची."

ताईंनी पान काढलं. पण ताई भाऊंच्याच हाताखाली तयार झालेल्या. तिकिटाशिवाय काम कसं करतील? त्यांनी आधी रीतसर तिकीट उघडलं, पान काढलं, 'उपाय' मध्ये प्रामाणिकपणे चार ओळी लिहिल्या आणि तिकीट बंद केलं. मदतनीसनं ते तिकीट लगेच वाचलं. पान पुन्हा हजर झालं, आणि खाली एक ओळ वाढली होती.

'टीप: हे पान साहेबांच्या नजरेस पडू देऊ नये. भाऊंची सुटी धोक्यात येते.'

"ताई, तुम्ही लिहिलंत तरी काय?"

"जे खरं ते लिहिलं. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

"सरका, मी लिहितो." भाऊंनी नवीन तिकीट उघडलं आणि लिहिलं की वरची टीप चुकीची आहे, साहेबांपासून लपवण्यासारखं काहीही नाही, साहेबांना यातलं काही ठाऊकसुद्धा नाही. तिकीट बंद केलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पानावर आणखी एक ओळ होती.

'साहेबांना यातील काहीही ठाऊक नाही. याबाबत भाऊंनी स्वतः खात्री दिली आहे.'

"बंद करा हो ते मशीन!"

"बंद करायला साहेबांची मंजुरी लागते," ताई म्हणाल्या. "कारणही लिहून द्यावं लागतं."

"कुठं?"

"तिकिटात."

भाऊंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि अकाउंट्सच्या काकू आत आल्या. हातात मोबाइल, आणि मोबाइलवर ते काकूंचं पान. मदतनीस सकाळपासूनच सगळ्या ऑफिसला खुला झालाय, हे भाऊंना तेव्हा कळलं.

"हे काय चालवलंय?" काकू कडाडल्या.

"काकू, माफ करा. तसं माझ्या मनात..."

"सुनेची चौकशी करावी म्हणे! फक्त सुनेची? आणि जावयाचं कोण विचारणार? गेलं वर्षभर मी जावयाबद्दल बोलतेय, त्याची कुठं एक ओळ नाही. अर्धवट माहिती लिहिता आणि वर सगळ्या जगाला दाखवता!"

सवयीनं भाऊंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"बघा, बघा! पाणी दिलं!" काकू ताईंकडे वळून म्हणाल्या. "लिहिलंय अगदी तसंच करतो हा माणूस. मी तर म्हटलं, ही गंमत घरच्यांनाही कळू दे. तुमच्या बायकोला पाठवून दिलंय मी ते पान." पाणी मात्र त्यांनी पिऊन टाकलं.

"साहेबांचं पान तर नाही ना पाहिलंत?" भाऊंनी घाबरत विचारलं.

"साहेबांचंही आहे?" काकूंचे डोळे चमकले. असं विचारायला नको होतं, हे भाऊंना विचारून झाल्यावर उमगलं.

दुपारी हॉल भरला. ठरलं असं होतं की ताई पासवर्डचा प्रश्न टाइप करतील, मदतनीस शहाण्यासारखं उत्तर देईल, टाळ्या पडतील आणि भाऊ मागच्या दारानं थेट बस गाठतील. पण मोठे साहेब माइकसमोर उभे राहिले आणि बोलत सुटले. तंत्रज्ञान, मग माणूस, मग माणूस आणि तंत्रज्ञान. शेवटी एकदाचे ते कीबोर्डपाशी आले. तोच मागून काकूंचा आवाज आला.

"साहेब, तुमच्या लॅपटॉपचं विचारा की! नेहमी बिघडतो बिचारा!"

"माझ्या?" साहेब दचकले. "नको, नको. माझं काय एवढं..." आणि उगाचच चष्मा पुसायला लागले.

"विचारा साहेब, विचारा!" सगळा हॉल म्हणाला. काकूंनी हॉलला काय सांगून ठेवलं होतं देव जाणे.

साहेबांनी नाइलाजानं टाइप करायला सुरुवात केली. मागच्या मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. 'मोठ्या साहेबांचा लॅ' एवढं झालं आणि भाऊंनी डोळे मिटून पायाशी असलेली वायर खस्सकन ओढली. पडदा काळा झाला.

भाऊंचा जीव भांड्यात पडला. गंमत म्हणजे साहेबांच्याही चेहऱ्यावर एकदम तरतरी आली.

"अरेरे, प्रोजेक्टर गेला वाटतं!" साहेब उत्साहानं म्हणाले. "हरकत नाही. उलट बरंच झालं. हाच प्रश्न विचारू या! ताई, तुमच्या लॅपटॉपवर पडदा आहेच की, मीच मोठ्यानं वाचतो." त्यांनी भराभर टाइप केलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "प्रोजेक्टर अचानक बंद पडल्यास: भाऊंच्या पायाशी वायर पाहावी. साहेबांचे भाषण लांबल्यास भाऊ ती काढतात. पूर्वी हा उपाय केला असता सगळे सुखी झाले होते."

सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंच्या हातात वायर होती.

"उद्घाटन झालं असं समजू या," साहेब म्हणाले. "भाऊ, जरा माझ्या केबिनमध्ये या."

केबिनपर्यंतच्या जिन्यात भाऊंनी बायकोशी काय बोलायचं याची तयारी केली. 'अगं, सुटीच सुटी मिळाली, कायमची,' असं हसत सांगावं का? छे, तिला हसू येणार नाही. भाऊंना स्वतःलाच येईना. नोकरीचं दुःख होतंच, पण डोळ्यांसमोर सारख्या येत होत्या त्या दाराशी उभ्या असलेल्या बॅगा.

साहेबांनी स्वतः उठून दार लावलं. टेबलावर तो लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर ते पान, टिपांसकट. साहेबांनी ते सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

"हे खरं आहे?"

"खरं आहे, साहेब." भाऊंनी मान खाली घातली. आता लपवून काय उपयोग होता? "मला बिघाड कधी सापडलाच नाही. मी फार शोधला हो. पण सगळं ठीकच दिसायचं. सांगायची लाज वाटली, म्हणून टेबलावर ठेवून द्यायचो. माझी चूक आहे."

"सापडलाच नाही?" साहेब पुढे झुकले. "म्हणजे तुम्हाला काही कळलंच नव्हतं?"

"नाही, साहेब."

"शपथ?"

"शपथ."

साहेब खुर्चीत धपकन बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की समोरचे कागद हलले. मग ते हसायला लागले. पोट धरून.

"अहो भाऊ, बिघाड सापडणार कसा? तो कधी नव्हताच!"

"नव्हता?"

"मुख्य कार्यालयाची व्हिडिओ मीटिंग असते ना, ती माझ्यानं सहन होत नाही. सगळे मिळून मलाच बोलतात. एकदा खोटंच सांगितलं, लॅपटॉप बंद पडलाय. तुम्ही येऊन घेऊन गेलात आणि तासभर आलाच नाहीत. काय सांगू, इतकी छान झोप लागली मला! तेव्हापासून अडचण आली की तुम्हालाच बोलवायचं. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटांत म्हणाला असता, साहेब, याला काही झालेलं नाही. आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन बाहेर पडलात की मला इकडे धाकधूक, आज तर या माणसाला नक्की कळणार! परत येऊन 'आतून साफ केलाय' म्हणालात की मला वाटायचं, सुटलो बुवा."

"मलाही तसंच वाटायचं, साहेब," भाऊ म्हणाले. म्हणजे आपल्याला काम येत होतं! इतकी वर्षं उगाच स्वतःला नावं ठेवली.

दोघं बराच वेळ एकमेकांकडे पाहत हसले. मग साहेबांनी चष्मा लावला आणि पुन्हा साहेब झाले.

"ते पान काढू नका. फक्त माझा उल्लेख काढा, आणि चहा तुम्ही एकटेच घेता असं लिहिलंय, तो मलाही पाठवत जा. अपडेटताईंना समजावून सांगा, म्हणजे त्यांनाही जमेल. आणि भाऊ..."

"साहेब?"

"भाषणाचं नंतर बघू. आता पळा, बस चुकेल."

भाऊ असे पळाले की लग्नातही ते इतक्या घाईनं बोहल्यावर चढले नसतील. बायको बसच्या दाराशी उभी होती, बॅगा वर चढल्या होत्या. दोघं आत जाऊन बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि भाऊंचा फोन वाजला.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या सीटकडे बघत तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"भाऊ," पलीकडून अपडेटताई कुजबुजल्या, "साहेबांचा लॅपटॉप बंद पडलाय."

"पान उघडा."

"उघडलं."

"काय लिहिलंय?"

"काहीही करू नये."

"मग करू नका," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

बस फाटकातून बाहेर पडली. बायको अजून पट्टा धरूनच होती. "उतरायचं नाही?"

"नाही. झाला दुरुस्त." आणि मग भाऊंना राहवेना. खुशीच एवढी झाली होती की त्यांनी सगळी हकीगत सांगून टाकली. साहेबांची झोप, टेबलावरचा लॅपटॉप, तो नसलेला बिघाड, सगळं. बायको सुरुवातीला हसली. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हळूहळू थांबली आणि विचारात पडली.

"म्हणजे मागच्या वेळीही त्याला काही झालं नव्हतं?"

"छे!"

"त्याच्या आधीच्या वेळीही नाही?"

"काही म्हणजे काही नाही!" भाऊ अजून आनंदातच होते.

"मग प्रत्येक वेळी आपण बसमधून उतरलो कशाला?"

या प्रश्नावर मदतनीसकडे पान नव्हतं, आणि भाऊंकडेही नव्हतं. शेवटी त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि हळूच पुढं केली.

"पाणी घेतेस? बरं, तुझी बहीण काय म्हणते? बऱ्याच दिवसांत..."

बायकोनं बाटली घेतली, दोन घोट प्यायली, झाकण नीट लावलं आणि बाटली परत दिली. मग त्यांच्या हातातला फोन काढून घेऊन बंद केला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"काकूंनी पाठवलेलं पान मी सकाळीच वाचलंय," ती म्हणाली. "पाणी झालं, चौकशी झाली. आता मी बोलणार. मध्येच अडवायचं नाही."

आणि ती बोलायला लागली. पहिल्या रद्द झालेल्या सुटीपासून सुरुवात केली. दुसरीवर येईपर्यंत आवाज चढला होता, तिसरीवर येता येता उतरला, आणि मग ती बहिणीबद्दल, कुंड्यांबद्दल, समुद्रावर गेल्यावर आधी काय करायचं याबद्दल बोलत राहिली. भाऊंनी तिचा हात हातात घेतला आणि मध्ये एकदाही अडवलं नाही.